शिष्यत्वाचा हिशेब कोण चुकता करतो

येशूच्या मागे जाण्याला किंमत पडते, ही गोष्ट शुभवर्तमानांनी कधी लपवली नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला आहे. त्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील. त्याच अध्यायात, या दाखल्याच्या थोडे आधी, शिष्याला ज्यांच्यापलीकडे जावे लागेल अशा माणसांची यादी येते. बाप, आई, बायको, मुले, भाऊ आणि बहिणी. शेवटी स्वतःचा जीव. पाश्चात्त्य वाचकाला ही यादी अलंकारिक वाटू शकते. एकत्र कुटुंबात, भावकीत आणि जातीत वाढलेल्या मराठी माणसाला ती रेशनकार्डावरच्या नावांसारखी वाटते. वऱ्हाडात किंवा नगरच्या बाजूला जो कोणी ख्रिस्ती झाला, त्याला यातल्या प्रत्येक नात्याला स्वतंत्र उत्तर द्यावे लागले.

या विषयावर जगभर सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बॉनहॉफर यांचे आहे. ते १९३७ साली प्रसिद्ध झाले आणि लेखकाला ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी फासावर दिले. बॉनहॉफर यांचा रोख स्वस्तात मिळणाऱ्या कृपेवर होता, म्हणजे आयुष्यात काहीच न बदलता लाभणाऱ्या क्षमेवर. त्यांच्यासमोरचा समाज जन्माने ख्रिस्ती होता आणि त्याला शिष्यत्वाची आठवण करून द्यावी लागत होती. मराठी मुलखातला प्रश्न बरोबर उलटा आहे. येथे बहुतेकांना किंमत आधी मोजावी लागली आणि धर्मशास्त्र नंतर कळले. शिवाय ती एकट्या शिष्याने मोजली असे क्वचितच घडले. तिचा मोठा हिस्सा बायको, आई, धाकटा भाऊ आणि पुढे जन्मणारी मुले यांच्या अंगावर पडला, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

हे जवळून दिसते ते वऱ्हाडातल्या वाशीम जिल्ह्यात. येथे ख्रिस्ती वस्ती फार थोडी आहे. हा जिल्हा बौद्धांचा, बंजाऱ्यांचा, कुणबी-मराठ्यांचा. कारंज्याच्या नृसिंह सरस्वतींचा, शिरपूरच्या जैन तीर्थाचा आणि पोहरादेवीचा. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून बराचसा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. वऱ्हाडात मिशनऱ्यांचे बस्तान बसले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली हजारो मुले पोरकी केली आणि अनेक मिशनांचे अनाथाश्रम त्या वेळी भरले. त्यामुळे येथील कित्येक ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात निर्णयातून झाली नाही, भुकेतून झाली. यावर टीकाकार जे म्हणतात ते सर्वस्वी खोटे नाही. पण आश्रमातले मूल मोठे होऊन शिक्षक, परिचारिका किंवा पाळक झाले, तेव्हा त्याला जात नव्हती, गाव नव्हते, मामाचे घर नव्हते, आणि लग्नासाठी स्थळ पाहायचे तर तेही मिशनच्या आवारातलेच. पहिल्या पिढीने ही किंमत न ठरवता दिली.

ठरवून दिलेल्या किमतीची नोंद उच्च जातींच्या लोकांकडे जास्त सापडते, कारण लिहिता येत होते त्यांना. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. बाप न्यायालयात गेला आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. खरा पेच यानंतर उभा राहिला. ख्रिस्ती लोकांबरोबर जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही? बाळशास्त्री जांभेकर घ्यावे म्हणणाऱ्यांपैकी होते आणि त्यासाठी त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. मुलाने पंक्तीत घेतलेल्या काही घासांवरून मुंबई-पुण्याचा ब्रह्मवृंद दुभंगला. त्या काळी धर्मांतराची सीमा श्रद्धेत नव्हती, पंक्तीत होती.

बेळगावचे बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी ‘यमुनापर्यटन’ त्यांनी १८५७ मध्ये लिहिली आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. या आत्मचरित्राचा मोठा भाग बाप्तिस्म्याच्या आधीच्या वर्षांत जातो. मनाने गेलेला आणि घरात राहिलेला माणूस कसा दिवस काढतो, हे मराठीत इतक्या बारकाईने त्यापूर्वी कोणी लिहिले नव्हते. नगरचे हरिपंत खिस्ती हे त्याहूनही आधीचे. त्यांच्या पत्नी राधाबाई यांची होरपळ मुलगी कृपाबाई सत्त्यनाथन हिने इंग्रजी कादंबरीत उतरवली. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांची पत्नी त्यांच्यामागे आली आणि थोड्याच काळात वारली.

सर्वांत पूर्ण कागद मात्र नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा आहे. त्याची सुरुवात वाशीमच्या शेजारच्या मुलखाशी जोडलेली आहे. नागपूर सोडून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची गाठ विदर्भात काम करणारे फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड यांच्याशी पडली आणि वॉर्ड यांनी त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना तो नंतर कळला. पदरात लहान मुलगा दत्तू, नवरा जिवंत, आणि तरी संसार नाही, अशी त्यांची अवस्था झाली. त्या काळच्या समाजाकडे विधवेसाठी नियम होते, परित्यक्तेसाठी टोमणे होते. पण नवरा दुसऱ्या धर्मात गेलेल्या सवाष्णीसाठी काहीच नव्हते. तिने कुंकू लावावे की नाही? नवऱ्याचे पत्र आले तर वाचावे की नाही? काही वर्षे त्या नातेवाइकांच्या घरी राहिल्या. नंतर नवऱ्याच्या जवळ राहायला गेल्या त्याही वेगळी चूल मांडून, पाण्याची शिवाशिव सांभाळून.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचक आजही ती विनोदासाठी वाचतो. विनोद आहेच. पण त्याच्या खाली पाच वर्षांच्या ताटातुटीचा जमाखर्च मांडलेला आहे, तोही कुणावर आरोप न करता. टिळकांनी सत्यासाठी सर्वस्व सोडले असे चरित्रकार लिहितात. सोडलेल्या सर्वस्वात लक्ष्मीबाई होत्या. लक्ष्मीबाईंचे स्वतःचे मन बदलले ते जातिभेद देवाने केला की माणसाने या विचारातून, म्हणजे नवऱ्याच्या वाटेने न जाता स्वतःच्या वाटेने. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला जे एका पुस्तकातून कळले, ते बायकोला पाण्याच्या भांड्यातून कळले, आणि दुसरा रस्ता लांबचा असूनही अधिक पक्का ठरला.

या ताटातुटींची दखल कायद्याने घेतली ती अर्धवट. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले. त्याआधी बाप्तिस्मा म्हणजे वडिलार्जित शेतावर पाणी सोडणे असाच अर्थ होता. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्याच्या जोडीदाराने धर्मामुळे नांदायला नकार दिला, तर ठरावीक मुदतीनंतर विवाह मोडण्याची वाट दिली. म्हणजे धर्मांतरित पुरुष दुसरे लग्न करायला मोकळा झाला. मागे राहिलेल्या स्त्रीलाही कागदावर तोच हक्क होता. तिच्या जातीत तो कोण मानणार, याचे उत्तर कायद्याकडे नव्हते. ज्याला आधीच दोन बायका होत्या त्याचे काय करायचे, यावर मिशनांच्या परिषदांत वर्षानुवर्षे खल झाला. एक बायको ठेवून दुसरी सोडावी असा निर्णय जेथे झाला, तेथे शिष्यत्व नवऱ्याचे होते आणि घराबाहेर निघाली ती धाकटी.

स्वातंत्र्यानंतरचे हिंदू कायदे हाच धागा पुढे नेतात. धर्मांतर हे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचे कारण आहे. १९५६ च्या पालकत्व कायद्यात, हिंदू न राहिलेला बाप किंवा आई नैसर्गिक पालक म्हणून टिकत नाही. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याचे २६ वे कलम सर्वांत कमी माहीत असलेले आणि सर्वांत जिव्हारी लागणारे आहे. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसा शाबूत राहतो, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारस होता येत नाही. आजोबांच्या चार एकरांवर मोठ्या मुलाचा हक्क आहे; बाप्तिस्म्यानंतर जन्मलेल्या धाकट्याचा नाही. एकाच आईची दोन मुले, मधे एक तारीख.

पंडिता रमाबाईंचा हिशेब वेगळ्या जातीचा आहे. त्यांना सोडण्यासाठी घरच उरले नव्हते. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा हे सर्व २९ सप्टेंबर १८८३ च्या वाँटेज येथील बाप्तिस्म्याआधीच गेले होते. त्यांनी गमावला तो समाज. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये, विधवा मुलींना ख्रिस्ती केले जात आहे असा गवगवा ‘केसरी’ने केला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि बऱ्याच मुली घरी नेण्यात आल्या. दुसरीकडे, वाँटेजच्या ज्या इंग्रज धर्मभगिनींनी त्यांना ख्रिस्ताकडे आणले, त्यांच्या आज्ञेत राहायलाही रमाबाईंनी नकार दिला. पुणे त्यांना ख्रिस्ती समजत होते आणि वाँटेज त्यांना हट्टी समजत होते. शेवटच्या वर्षांत केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर चालले असताना, २४ जुलै १९२१ रोजी एकुलती मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

हे सगळे उच्चवर्णीयांचे. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र महार आणि मांग घरांतून आला. त्यांच्या बाबतीत ‘सर्वस्वाचा त्याग’ हा शब्दप्रयोग थोडा विचित्रच वाटतो, कारण सोडायला सर्वस्व होते कोठे? तरी किंमत होती. गावकीची कामे, मेलेली जनावरे ओढणे, जत्रेत आणि लग्नात डफडे वाजवणे, मरीआईच्या गाड्याला हात लावणे, ही कामे नाकारली की बलुते बंद झाले. सुगीला खळ्यावर वाटा मागायला तोंड राहिले नाही. पाण्याची जागा आधीच वेगळी होती, ती आणखी वेगळी झाली. यावर तोड म्हणून काही ठिकाणी स्वतंत्र ख्रिस्ती गावे वसवली गेली. वर आलेल्या नारायण शेषाद्रींनीच जालन्याजवळ, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल ही वसाहत उभी केली. वसाहतीत जनावर ओढावे लागत नव्हते, पण गावही राहिले नव्हते. पुढच्या पिढ्यांना ‘मिशनवाले’ हे विशेषण मिळाले आणि ते अजून पुसलेले नाही.

स्वतंत्र भारतात या समाजाला पडलेली सर्वांत मोठी किंमत १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातून आली. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जात नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांची आणि १९९० मध्ये बौद्धांची भर पडली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. सूसाई खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश उचलून धरला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी असे सुचवले; ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला.

वाशीमसारख्या जिल्ह्यात या कलमाचा अर्थ लगेच कळतो, कारण येथे तुलना शेजारच्या दारातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातली महार वस्ती जवळपास सगळी बौद्ध झाली. तिच्यातलेच एखादे घर दोन-तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले असते. आडनाव तेच, पणजोबा तोच, गावाने दिलेली वागणूक तीच. एका घरच्या मुलाला जातीचा दाखला मिळतो, दुसऱ्या घरच्या मुलाला मिळत नाही. म्हणून काही घरांत बाप्तिस्म्याचे नाव चर्चच्या वहीत राहते आणि शाळेच्या दाखल्यावर जुनेच नाव चालू राहते. बाहेरचे याला लबाडी म्हणतात आणि न्यायालयेही म्हणतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या एका प्रकरणात केवळ सवलतीसाठी केलेला हिंदू असल्याचा दावा फेटाळला. पण दोन नावांनी जगणाऱ्या माणसाला तो दुटप्पीपणा वाटण्याआधी अपमान वाटतो. रविवारी ज्याचे नाव उघड घ्यायचे, त्याचे नाव सोमवारी कचेरीत घ्यायचे नाही.

धर्मांतराकडे सरकार कसे पाहते याचाही या भागाशी जुना संबंध आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अकोला जिल्हा, आणि त्यात वाशीम, मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ मध्ये नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती मिशनांच्या कामाची चौकशी करायला नेमली. १९५६ च्या अहवालात मिशनांवर कडक ताशेरे होते आणि पुढच्या धर्मांतरविरोधी कायद्यांचा तोच पाया ठरला. त्याच वर्षी खुद्द नियोगींनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हा योगायोग इतिहासाच्या पुस्तकांत फारसा सांगितला जात नाही. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्वाळा दिला.

मिशनमध्ये राहूनही किंमत चुकत नव्हती. वाशीम शहरात चर्च ऑफ द नाझरीनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८ मध्ये सुरू झाले. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये अमेरिकेहून आल्या आणि जवळपास चाळीस वर्षे येथेच राहिल्या. परदेशी डॉक्टरीणबाईचा त्याग सर्वांना दिसतो आणि तो खराच आहे. तिच्या हाताखाली शिकलेल्या मराठी परिचारिकांचा कमी दिसतो. परक्या पुरुषाचे अंग पुसणे, बाळंतिणीचा विटाळ हाताळणे ही कामे गावात ज्यांच्याकडे होती त्यांना गाव शिवत नसे. तीच कामे गणवेश घालून सन्मानाने करायची, तर गावाचे कुजबुजणे सहन करावे लागे. नाझरीन मंडळी पावित्र्यवादी परंपरेतली. दारू आणि तंबाखू वर्ज्य, उत्पन्नाचा दशमांश देवाला. ज्या मुलखात चुन्याची डबी पुढे करणे हीच ओळख करून घेण्याची रीत, तेथे तंबाखू सोडणे ही लहान गोष्ट नाही. बांधावर बसण्याची संगतच त्याने सुटते.

मिशनच्या पगाराचा पेच टिळकांनी सर्वांआधी ओळखला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही सामावणारी मंडळी सुरू केली. ज्याने एकदा ब्राह्मण्य सोडले त्याला बावीस वर्षांनी मिशनही सोडावेसे वाटले. १९१९ मध्ये ते वारले आणि तो प्रयोग तेथेच थांबला. मराठीपणाचा हा दावा शंभर वर्षांनीही सहज मान्य होत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोध त्यांच्या साहित्याला कमी आणि झग्याला जास्त होता.

रोजच्या जगण्यातली किंमत मात्र अशा मोठ्या प्रसंगांत नसते. ती कपाळावर असते. कुंकू हिंदू म्हणून पुसले तर विधवा समजतात. ठेवले तर चर्चमध्ये कोणीतरी विचारते. पुष्कळ मराठी ख्रिस्ती बायकांनी मंगळसूत्र ठेवले आणि वाट्यांच्या जागी क्रूस ओवला, ही तडजोड कोणत्याही पाळकाने सुचवलेली नाही. पोळ्याला बैल धुवायचा, शिंगे रंगवायची, झूल घालायची. पण ओवाळायचे की नाही? शेजारच्या भंडाऱ्याचे जेवण आले तर पौलाने करिंथच्या मंडळीला नैवेद्याच्या मांसाबद्दल काय लिहिले ते आठवायचे, की वाढणाऱ्या बाईचे तोंड पाहायचे? नव्याने विश्वास धरलेल्या घरात सर्वांत जड क्षण देवघर उतरवण्याचा असतो. तसबिरी कोणालाही देता येतात. चांदीचे टाक देता येत नाहीत, कारण त्यांत पूर्वज बसवलेले असतात. ते फडक्यात गुंडाळून धाकट्या भावाच्या घरी पोचवले जातात आणि त्या दिवसापासून कुळाचार, नवस, देवदेव यांचा सारा खर्च त्या भावावर पडतो.

मृत्यूत हा हिशेब उघडा पडतो. ख्रिस्ती माणसाला पुरायचे तर जागा लागते आणि लहान गावांत ख्रिस्ती दफनभूमी नसते. छत्तीसगडमधल्या बस्तर भागात जानेवारी २०२५ मध्ये एका पाद्र्याचा मृतदेह गावात पुरू न दिल्यामुळे सुमारे वीस दिवस शवागारात राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे यावर एकमत झाले नाही आणि शेवटी दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश निघाला. विदर्भात हे बहुधा इतके ताणले जात नाही. तालुक्याच्या गावी नेऊन उरकले जाते, आणि हिंदू भाऊबंदही मूठभर माती टाकायला येतात.

उलट प्रसंग अधिक अवघड. म्हातारा बाप हिंदूच राहून गेला आणि थोरला मुलगा ख्रिस्ती आहे. मडके खांद्यावर घेऊन फेरा मारण्याचा मान थोरल्याचा. तो अंगणात येतो, तिरडीला खांदा देतो, स्मशानापर्यंत चालतो. तेथे मडके धाकट्याच्या खांद्यावर जाते. दहाव्याला केस धाकटा देतो, पिंडाला कावळा शिवेपर्यंत धाकटा नदीकाठी बसतो, आणि तेराव्याच्या जेवणाचा खर्च दोघे निम्मा निम्मा वाटून घेतात.